लंडनचा एक दिवस आणि त्याआधीचा पुण्यातला एक रविवार

"तुम्ही जाऊन या, मी बसते इथे." परदेशातल्या सहलीत घरातलं वडीलधारं माणूस हे वाक्य बोललं की त्या दिवसाचा बेत फसला असं खुशाल समजावं. आमच्याकडे ते वाक्य दुपारी पावणेदोनला, ट्रॅफल्गार चौकातल्या पायऱ्यांवर ऐकू आलं. बोलणाऱ्या होत्या सासूबाई, वय ७१, एरवी रोज सकाळी तळजाईची टेकडी चढणाऱ्या. म्हणजे प्रश्न पायांतल्या बळाचा नव्हता. सकाळपासून आम्ही राजवाडा, बिग बेन, पूल, मोठा पाळणा अशी चार ठिकाणं 'करून' आलो होतो आणि अजून सहा बाकी होती. यादी नात्यातल्या एकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली. तो एकटा हिंडला होता, वय २६.

माझी नणंद वेम्बलीच्या बाजूला राहते, त्यामुळे दोन वर्षांत दोनदा लंडनला जाणं झालं. पहिल्या खेपेला वरचा प्रकार घडला. दुसऱ्या खेपेला आम्ही तीच पाच माणसं, म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा (मोजले तर सहा होतात, पण धाकट्याचं तिकीट लागत नाही म्हणून नवरा त्याला धरत नाही), सकाळी पावणेआठला बाहेर पडून रात्री नऊला घरी आलो आणि ते वाक्य एकदाही ऐकू आलं नाही. फरक कशामुळे पडला ते इथे क्रमानं लिहिते. व्हिसा, विमान, विमा हे विषय यात नाहीत. फक्त एक दिवस आहे.

आधी घरच्यांचं घड्याळ ओळखा

आपण दिवस ठरवताना ठिकाणं मांडतो आणि त्यांच्या मध्ये माणसं कोंबतो. उलटं करायचं. आमच्या घरात सात वर्षांच्या मुलाला दर दोन तासांनी भूक लागते. आईंना दीड तासाच्या वर बाथरूमची काळजी वाटायला लागते आणि ती काळजी लागली की त्या पाणी पिणं सोडतात, मग दुपारी डोकं दुखतं. बाबांचे गुडघे चालताना कुरकुरत नाहीत, उभं राहिल्यावर कुरकुरतात. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रेक्षणीय स्थळी चालणं थोडं आणि उभं राहणं फार असतं. मुलीला कशाची अडचण नसते, मात्र फोन दहा टक्क्यांवर आला की तिचा चेहराही दहा टक्क्यांवर येतो.

यातून आमचा नियम निघाला: दर दीड तासाला बूड टेकायला जागा, बाथरूम आणि काहीतरी खायला. ही तिन्ही एकाच जागी मिळतील असे टप्पे आधी शोधायचे आणि मग त्या टप्प्यांच्या आजूबाजूला काय बघण्यासारखं आहे ते पाहायचं. लंडनमध्ये हे जमतं, कारण तिथली ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम यांसारखी मोठी संग्रहालयं फुकट आहेत आणि प्रत्येकात बाक, उपाहारगृह आणि स्वच्छ बाथरूम असतं. संग्रहालय बघायलाच जायला हवं असं कुठे आहे? पंधरा मिनिटं बसून बाहेर पडलं तरी कोणी विचारत नाही.

या हिशोबानं एका दिवसात दोन मोठी ठिकाणं बसतात. तिसरं बसवायचा मोह होतो. आम्ही तिसऱ्याच्या जागी नदी घेतली, म्हणजे बोटीचा प्रवास. बघणंही झालं आणि बसणंही.

पुण्यातला रविवार

निघण्याआधी तीन आठवडे आम्ही रंगीत तालीम केली. घरात आधी हसू झालं. बाबा म्हणाले, "पुणं बघायला मला तालीम कशाला?" पण लंडनची निम्मी लढाई भुयारी रेल्वेत असते आणि ती पुण्यात लढून बघता येते, हे आमच्या मेट्रोचे उपकारच समजायचे.

मार्ग असा घेतला. वनाजला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं. तिथे वरच्या उन्नत मार्गावरून खालच्या भुयारी मार्गावर जायचं. ते फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहेत, म्हणजे सरकत्या जिन्यांची चांगली लांबलचक उतरंड मिळते. खाली स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडून मंडईला बाहेर पडायचं. तिथून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे दीड तास. मग चालत सारसबाग, बाहेरच्या भेळेच्या वासाला दाद न देता घरचा डबा, आणि स्वारगेटहून मेट्रोनं परत.

तालमीत कशाकडे लक्ष द्यायचं ते सांगते. एक, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची. लंडनमध्ये हा नियम कडक पाळतात. डावीकडे गप्पा मारत उभं राहिलात तर मागून "एक्सक्यूज मी" येतं आणि त्या दोन शब्दांत आपल्याकडच्या चार वाक्यांचा राग असतो. सिव्हिल कोर्टला आम्ही पाच जण शिस्तीत उजवीकडे उभे राहिलो तेव्हा डावीकडेही माणसं येऊन उभी राहिली, ती गोष्ट वेगळी.

दोन, प्रत्येकानं आपलं कार्ड आपणच टेकवायचं. आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाबांनी बाहेर पडताना कार्ड आईंच्या पर्समध्ये शोधलं. असं लंडनच्या दारात सकाळी साडेआठला झालं असतं तर मागे चाळीस माणसं तुंबली असती. त्या दिवसापासून कार्ड गळ्यातल्या पाकिटात.

तीन, ताटातुटीचा नियम. गाडीचं दार बंद झालं आणि कोणी आत, कोणी बाहेर राहिलं तर? गाडीत गेलेल्यानं पुढच्याच स्थानकावर उतरायचं आणि फलाटावर जिथे उतरलो तिथेच थांबायचं. मागे राहिलेल्यांनी पुढची गाडी पकडून तिथे यायचं. कोणीही उलटं परतायचं नाही. आम्ही हे नळस्टॉपला मुद्दाम करून पाहिलं: मुलगी आणि आजोबा गाडीत, आम्ही फलाटावर. गरवारे कॉलेजला दोघं बाकावर बसलेली सापडली. सात वर्षांच्या मुलाला हा खेळ इतका आवडला की तो परत करायचा हट्ट धरून बसला, पण नियम डोक्यात पक्का बसला.

चार, पावलं मोजा. केळकर संग्रहालयातून बाहेर पडताना फोनवर बाबांची पावलं जेमतेम ४,२०० होती आणि ते दमले होते. सारसबागेत अर्धा तास बसल्यावर पुढची ३,००० पावलं त्यांनी सहज टाकली. म्हणजे एकूण अंतर त्यांना जमतं, सलग जमत नाही. हे कळायला लंडनचा एक दिवस खर्ची घालण्यापेक्षा पुण्याचा रविवार स्वस्त.

बूट त्याच दिवशी घालून बघायचे. आईंनी साडीवर स्पोर्ट्स शूज घालायला तालमीत नकार दिला, लंडनमध्ये वाऱ्यानं साडी फडफडल्यावर दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस आणि बूट दोन्ही मान्य केले. नवे बूट मात्र निदान तीन आठवडे तळजाईला किंवा वेताळ टेकडीला फिरवून आणलेले हवेत.

कार्डं आणि तिकिटं

लंडनच्या बस, भुयारी रेल्वे आणि डीएलआर या हलक्या रेल्वेला कागदी तिकीट काढत बसू नका. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा तिथलं ऑयस्टर कार्ड चालतं. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. एका माणसाला एक कार्ड. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि सकाळी कार्ड टेकवलं तर दिवसभर तेच टेकवायचं. तेच कार्ड फोनमध्ये घातलेलं असलं तरी यंत्र फोनला वेगळं कार्ड समजतं. एकाच कार्डावर दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, २०२५ मध्ये मधल्या झोन १ आणि २ साठी ती ८.९० पौंड होती, लांबच्या झोनला जास्त. बसचं भाडं तेव्हा १.७५ पौंड होतं आणि पहिल्या टेकवणीपासून तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसे पडत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. उतरताना नाही.

आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं चालू आहेत का ते पुण्यातच पाहा. भारतीय डेबिट-क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, म्हणून आम्ही पौंड भरलेली फॉरेक्स कार्डं घेतली. दुकानातल्या यंत्रानं "रुपयांत की पौंडांत?" असं विचारलं तर नेहमी पौंड. रुपये निवडले की दर ते ठरवतात आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

मुलांचं असं: ११ वर्षांखालची मुलं तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर भुयारी रेल्वेत फुकट, एका मोठ्यामागे चारपर्यंत. रुंद दारातून त्यांना बरोबर घेऊन जायचं. ११ ते १५ वयाच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड घेऊन स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून घ्यायची. १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. आम्ही पहिल्या खेपेला मागितलीच नव्हती.

टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याचं तिकीट आधी, वेळेसकट, ऑनलाइन काढा. दिवसाची सगळ्यात पहिली वेळ घ्या. का ते पुढे येतंच.

डबा

पुण्याहून नेताना एक लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, चीज घरी ठेवा. भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना कोणी हात लावला नाही.

त्या दिवसाचा डबा नणंदेकडे सकाळी साडेसहाला बनवला. मेथीचे ठेपले, बटाट्याची सुकी भाजी, काकडी, केळी. दही-भात टाळला, कारण दुपारपर्यंत कोणाच्या तरी पिशवीत तो सांडतोच. नळाचं पाणी तिथे पिता येतं, त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका, भरून घ्या. डबा नेला म्हणजे शाकाहारी माणसाची मोठी चिंता मिटते असं नाही. मोठी चिंता वेळेची असते. सहा माणसांनी उपाहारगृहात रांग लावून, यादी वाचून, 'यात अंडं आहे का' विचारून जेवायला सव्वा तास लागतो. डब्याला वीस मिनिटं.

सकाळ: टॉवर

वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइननं वेस्टमिन्स्टर, तिथून डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइननं टॉवर हिल. हा मार्ग निवडण्याचं कारण फक्त एक, तिन्ही स्थानकांवर लिफ्ट आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, बऱ्याच स्थानकांत आजही पायऱ्याच आहेत, म्हणून नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्थानकं जोडून मार्ग काढावा. जरा लांबचा पडला तरी चालेल. शनिवार-रविवारी रूळदुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असू शकते; आम्ही बुधवार निवडला.

टॉवर बहुतेक दिवशी सकाळी ९ ला उघडतो, रविवार-सोमवारी सहसा १० ला. दार उघडताच इकडेतिकडे न बघता थेट ज्वेल हाउसकडे चालायचं. तिथेच राजमुकुट आहेत आणि अकरानंतर तिथल्या रांगेत उभं राहणं म्हणजे बाबांच्या गुडघ्यांचा अंत. आम्ही सव्वानऊला आत होतो, रांग नव्हती. मुकुटांसमोरून एक सरकता पट्टा तुम्हाला हळूहळू पुढे नेतो. एकदा बघून झालं की मागे फिरून पुन्हा पट्ट्यावर चढता येतं. आम्ही तीन फेऱ्या केल्या. फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे, डोळ्यांनी बघितलं जातं.

कोहिनूर १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे अलीकडच्या राणीच्या आईसाठी, घडवलेल्या मुकुटात आहे. मुलांना अपेक्षा असते डोळे दिपवणाऱ्या गोळ्याची. प्रत्यक्षात तो १०५.६ कॅरेटचा आहे. १८५२ मध्ये इथे आणून पुन्हा पैलू पाडले तेव्हा १८६ वरून इतका उतरला. राजदंडातला कलिनन हिरा त्याच्या पाचपट, ५३० कॅरेटचा. कोहिनूर बघून मुलं "हा का?" म्हणतात. म्हणून आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा: १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तहात हा हिरा महाराजा दुलीपसिंगानं राणी व्हिक्टोरियाला द्यावा असं कलम घातलं. महाराजा तेव्हा दहा वर्षांचा होता. आमचा धाकटा पट्ट्यावर उभा राहून म्हणाला, "म्हणजे ताईपेक्षा लहान? मग सही कशी चालली?" आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढचा वेळ कोणीच काही बोललं नाही. २०२३ पासून तिथल्या मांडणीत कोहिनूरचा उल्लेख विजयाचं चिन्ह म्हणून केला आहे, तेवढं वाचून घ्या.

साडेदहा झाले. नियमाप्रमाणे बाक, बाथरूम, चिवडा. इथे गट फोडायचा. व्हाइट टॉवरमध्ये गोल चिंचोळे दगडी जिने आहेत. तिथे नवरा मुलांना घेऊन गेला. आम्ही तिघं हिरवळीशेजारी रेव्हन बघत बसलो. कावळ्याच्याच कुळातले, पण आकारानं चांगले दणकट. किमान सहा रेव्हन टॉवरमध्ये राहिले नाहीत तर राज्य कोसळेल अशी समजूत आहे, म्हणून त्यांना सांभाळायला माणूस नेमलेला आहे. आई म्हणाल्या, "आपल्याकडे पितृपक्षात एक मिळेना, आणि इथे सरकारी खर्चानं पोसलेत." त्यांच्याजवळ खाणं उघडू नका, चोच मोठी असते. फरसबंदी खडबडीत आहे, ओली असली तर निसरडी, तेव्हा हात धरून चाला.

लाल-निळ्या पोशाखातले बीफीटर पहारेकरी तिकिटातच फिरून माहिती देतात. त्यांची फेरी जवळपास तासाची आणि सगळी उभ्यानं. लहान मुलं आणि गुडघे असतील तर सोडून द्या. मला वाईट वाटलं, पण सोडली.

दुपार: नदी

टॉवरच्या दारातच टॉवर पिअर हा धक्का. तिथून ग्रीनिचला जाणाऱ्या नियमित बोटी सुटतात, त्यांतही कार्ड टेकवून चढता येतं. मात्र बोटीचं भाडं दिवसाच्या कमाल मर्यादेत धरत नाहीत, वेगळं पडतं. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. आत काचेच्या खिडक्यांची ऊबदार बैठक, बाथरूम, कॉफी. मागच्या उघड्या डेकवर वारा मे महिन्यातही कान गोठवतो, छत्री उलटी होते. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

टॉवर ब्रिज मागे पडताना पाहायला मुलांना मागे पाठवा. १८९४ सालचा पूल, मोठ्या जहाजांसाठी आजही मधोमध उघडतो. बाबा पहिल्या पाच मिनिटांत झोपले. झोपू द्या. ही डुलकी मी बेतात धरलेलीच होती.

ग्रीनिचला उतरलं की समोर कटी सार्क, १८६९ चं चहा वाहणारं शिडाचं जहाज. बाहेरून बघणं पुरे होतं. तिथून पाच-सात मिनिटांवर नॅशनल मॅरिटाइम म्युझियम, फुकट. त्यामागे ग्रीनिच पार्कची हिरवळ. डबा इथे खायचा, साडेबारापर्यंत उरकायचा, कारण एकला एक गंमत असते. टेकडीवर वेधशाळेच्या शिखरावर लाल चेंडू आहे. १८३३ पासून तो रोज १२.५५ ला अर्धा वर चढतो, १२.५८ ला टोकाला जातो आणि ठीक १ वाजता खाली पडतो. नदीतल्या जहाजांना घड्याळ जुळवायला ही सोय केली होती. हवा वाईट नसेल तर उद्यानातूनही दिसतो.

टेकडी उभ्या चढाची आहे, पर्वतीइतकी नाही, पण जेवल्यावर जाणवते. आई-बाबांना संग्रहालयात सोडून आम्ही चौघं चढलो. वेधशाळा १६७५ ची. आतल्या अंगणातल्या शून्य रेखावृत्ताच्या पट्टीवर पाय फाकून फोटो काढायला तिकीट लागतं आणि रांगही असते. फुकटात हवं असेल तर वेधशाळेच्या कुंपणाबाहेर खालच्या पायवाटेवर भिंतीतून हीच रेषा उतरलेली आहे, तिथे एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवा. फाटकापाशी १८५२ पासूनचं २४ तासांचं घड्याळ आहे, तेही फुकट. ते उन्हाळ्यात आपल्या मनगटापेक्षा एक तास मागे दिसतं, कारण तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे करतात, हे घड्याळ मात्र करत नाहीत.

मुलांसाठी इथे खरा खेळ आहे. फोनमधलं जीपीएस लावून शून्य अंश रेखांश शोधायला सांगा. तो त्या पट्टीवर सापडत नाही, सुमारे १०२ मीटर पूर्वेला उद्यानात सापडतो; उपग्रहांची मोजणी पृथ्वीच्या केंद्रापासून होते, जुनी मोजणी त्या जागेवरच्या दुर्बिणीतून झालेली. मुलगी फोन हातात धरून गवतात शून्याचा पाठलाग करत होती, पहिल्यांदाच त्या फोनचा मला राग आला नाही. मग पुण्याचा हिशोब करा. पुणं साधारण ७३.८६ अंश पूर्वेला. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पुण्याचा सूर्य आपल्या घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटं मागे. कोथरूडमध्ये दुपारी बाराला सूर्य डोक्यावर का नसतो ते लंडनमध्ये कळलं.

खाली आलो तर आई-बाबा संग्रहालयाच्या उपाहारगृहात चहा घेऊन बसलेले, शेजारच्या टेबलावरच्या गुजराती आजींशी आईंची ओळख झालेली.

परतीची वाट

ग्रीनिच आणि कटी सार्क अशी डीएलआरची दोन स्थानकं जवळ आहेत. एखादं कामासाठी बंद असतं, तेव्हा सकाळीच पाहून ठेवा. या गाडीला समोर चालकाची खोली नसते. पहिल्या डब्यातली पुढची जागा मिळवा, गरज पडली तर एक गाडी सोडून. कटी सार्कनंतर गाडी थेम्सखालून जाते आणि वर येऊन कॅनरी वॉर्फच्या काचेच्या इमारतींमधून वळणं घेते. धाकट्यानं पूर्ण प्रवास हातात नसलेलं स्टिअरिंग फिरवलं.

बँक स्थानकाला उतरून थोडं चाललं की मॉन्युमेंट-कॅनन स्ट्रीटच्या बाजूला १५ नंबरची बस मिळते. वरच्या मजल्यावरची पुढची जागा. सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड करत ती ट्रॅफल्गार चौकात आणते. पर्यटकांच्या उघड्या बसला याच्या कितीतरी पट पैसे पडतात. आई-बाबांना जिना नको असेल तर खालीही खिडक्या मोठ्या आहेत.

चौकात नॅशनल गॅलरी, म्हणजे पुन्हा बाक आणि बाथरूम. त्याच पायऱ्या. आईंनी त्या ओळखल्या आणि काही बोलल्या नाहीत. तिथून व्हाइटहॉलनं वेस्टमिन्स्टर किलोमीटरभरही नाही, किंवा बस आहे. मे-जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहालाही पुलावर लख्ख उजेड असतो. डिसेंबरात जात असाल तर चारच्या आत अंधारतं, ग्रीनिच सोडून हा दिवस वेगळा बेतावा लागेल. सातचे टोले पुलावर उभं राहून ऐकले आणि तिथूनच ज्युबिली लाइन, गाडी न बदलता थेट घर. शेवटचा प्रवास बिनबदलाचा ठेवणं हे मी फार महत्त्वाचं मानते. दमलेल्या माणसांची ताटातूट लवकर होते.

बाथरूमविषयी स्पष्टच

भुयारी रेल्वेच्या बहुतेक स्थानकांत बाथरूम नसतं. मोठ्या रेल्वे स्थानकांत असतं आणि २०१९ पासून तिथे पैसे घेत नाहीत. संग्रहालयात दिसलं की जायचं, 'आत्ता नाही' हे उत्तर कोणाचंच स्वीकारायचं नाही. पाण्याचा जेट कुठेही नसतो. प्रत्येक मोठ्याच्या पिशवीत एक रिकामी छोटी बाटली आणि ओले टिश्यू ठेवा. हे विषय प्रवासवर्णनांत येत नाहीत आणि मग दुपारी सगळ्यांची तोंडं का उतरली ते कळत नाही.

टॉवरऐवजी टिळक, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी

बाबांचा हट्ट होता, म्हणून आम्ही दुसऱ्या एका सकाळी वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाजवळच्या १० हाउली प्लेस या घरापाशी गेलो. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये लंडनला होते तेव्हा इथे राहिले, तशी पाटी भिंतीवर आहे. खासगी घर आहे, रस्त्यावरूनच पाहायचं. चॉक फार्मजवळ १० किंग हेन्रीज रोडवर डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिलेलं घर मात्र आतून बघता येतं. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. तिथून प्रिमरोज हिल चालत जवळ, सगळं शहर समोर दिसतं. दोन्ही मिळून निवांत अर्धा दिवस. वेळा आधी बघून निघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. आम्ही साडेनऊपर्यंत झोपलो. उठून पाहिलं तर आई स्वयंपाकघरात नणंदेला उरलेल्या ठेपल्यांचा चुरा कसा फोडणीला टाकायचा ते दाखवत होत्या, आणि बाबांनी फोनवर आदल्या दिवशीची पावलं उघडून ठेवली होती: ११,३४०. पुण्यातल्या त्यांच्या सकाळच्या गटावर ती त्यांनी तेव्हाच पाठवलेली होती.